टायगर बसत नाही

काकांना एकदा नाद लागला की तो घरातल्या बाकीच्यांनी भोगायचा असतो, हे कोपरीच्या घरी राहायला आल्यावर मला लौकरच कळलं. आधी बोन्साय झालं. काकूंच्या चांगल्या परातींत वड-पिंपळ खुरटत बसले आणि शेवटी वाळून गेले. मग होमिओपॅथी आली. घरात कुणी शिंकलं की काका जाडजूड पुस्तक उघडून "शिंक डाव्या कुशीवर असताना आली की उजव्या?" असं विचारायचे, आणि काकू म्हणायच्या, "पोळी लाटताना आली. आहे का त्यात?" त्यानंतर शीळ. काका आणि त्यांच्यासारखेच सात-आठ रिकामे, पण अतिशय गंभीर लोक दर आठवड्याला कुणा ना कुणाच्या घरी जमून जुनी गाणी शिळेवर वाजवत. त्याला त्यांनी 'मंजूळ शीळ मंडळ' असं नाव दिलेलं, आणि अध्यक्ष, कार्यवाह सगळं होतं. काका कार्यवाह. आणि हे सगळं पुरेसं नाही म्हणून की काय, ऐन आमच्याकडे मंडळ जमायची पाळी आलेली असताना काका मोहन्याला गेले आणि कुत्रा घेऊन आले.

मी त्यांची सख्खी पुतणी नव्हे. माझ्या वडिलांचे ते चुलत-चुलत भाऊ. तरुणपणीच ठाण्याला आलेले, बायकोही इकडचीच, मूळची कोकणातली. आमचं गाव पुसदकडे. आठवीला दोनदा बसून मी शाळा सोडली तेव्हा काकांनीच वडिलांना सांगितलं, पाठव तिला, आमच्या हिला सोबत होईल आणि पोरगी काहीतरी शिकेल. मला स्टेशनजवळच्या एका दुकानात साड्यांना फॉल-पिको करायला त्यांनीच लावून दिलं. हे उपकार मी जन्मात विसरणार नाही, तेव्हाही विसरत नव्हते. उलट इतके लक्षात ठेवायचे की त्या ओझ्यानं मला घरात धड चालता येत नसे. पाणी पिताना पेला वाजू द्यायचा नाही, पंखा एकवर ठेवायचा, आणि जेवायचं सगळ्यांचं झाल्यावर, ओट्यापाशी, उभ्यानं. असं मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या पहिल्यांदा काकू म्हणत, "बस की गं आमच्याबरोबर." मी म्हणे, "तुमचं होऊ द्या, मी बसते मागून." मग कंटाळून त्यांनी म्हणणं सोडलं. वडिलांनी निघताना बजावलेलं, एकदा परत आलीस की मग लग्नाचंच बघू. त्यामुळे परत पाठवण्याजोगं आपल्या हातून काही होऊ नये, एवढाच माझा दिवसरात्रीचा जप होता.

तर कुत्रा. तपकिरी, मोठ्या हाडाचा, एक कान उभा आणि एक पडलेला, मिशीपाशी पांढरे केस. रिटायर झालेल्या हेडक्लार्कसारखा चेहरा. मोहन्याला जुन्या कारखान्याच्या वस्तीत एक म्हाताऱ्या आजी एकट्या राहायच्या, त्यांचा हा. मुलगा त्यांना नाशिकला घेऊन चाललेला, तिथे कुत्रं ठेवायची सोय नव्हती. सामानाचा टेम्पो दारात उभा, आजी आत रडतायत, अशा गडबडीत मुलाने दोरी काकांच्या हातात दिली. काकांनी नाव विचारलं तर तो इकडेतिकडे बघत म्हणाला, "नाव असं काही नाही हो. तुम्ही काहीही म्हणा." काकांनी रिक्षातच 'टायगर' ठरवलं. काकूंनी दार उघडून पाहिलं आणि त्या एवढंच म्हणाल्या, "कसला मेला टायगर! ह्याला आधी चष्मा लावा."

टायगरनं काकांचं एक अक्षर ऐकलं नाही. "टायगर, ये!" म्हटलं की तो भिंतीकडे बघे. "टायगर, बस!" म्हटलं की उभा राही. त्याला समजत नसेल म्हणून काका स्वतः उकिडवे बसून दाखवत. कुत्रा उभ्यानं त्यांच्याकडे गंभीरपणे बघे, आणि काकांचे गुडघे धरले की त्यांना उठवायला मी धावे. शीळ घालून तर काकांनी ओठ सोलून घेतले. कार्यवाहाच्या शिळेला कुत्रासुद्धा येत नाही, असं काकू स्वयंपाकघरातून ऐकू जाईल एवढ्या बेतानं पुटपुटायच्या. (मी आता डोंबिवलीला ज्या सोसायटीत राहते तिथे कुत्र्यांशी सगळे इंग्रजीतच बोलतात. 'सिट बेबी, सिट.' आणि ती बसतातही. ते पाहिलं की मला अजून काकांचे गुडघे आठवतात.)

पण खरा वैताग दुसराच होता. कुत्रा आल्यापासून जेवला नव्हता. दूध-पोळी पुढे ठेवली, "खा रे" म्हटलं, की तो नाक वळवून ताटलीशेजारी बसून राहायचा. पाणी तेवढं प्यायचा, तेही आमचं लक्ष नसताना. आणि ज्याला हाक मारली तर येत नाही, तो हाक न मारता मात्र मध्ये मध्ये यायचा. मंडळ जमायचं त्या दिवशी सकाळी काकूंनी न्हाणीघराकडे बघून आवाज दिला, "अहो, दूध उतू चाललंय, जरा या!" काका आले नाहीत. कुत्रा आला, ओट्यापाशी उभा राहिला. काकूंनी त्याला लाटण्यानं ढकललं. मग त्या टॉवेल घेऊन न्हाणीघराच्या दारात गेल्या. "अहो, हा टॉवेल घ्या." दाराआडून काकांचा ओला हात बाहेर यायच्या आत कुत्र्यानं टॉवेल अलगद दातांत घेतला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन उभा राहिला. काका आतून ओरडतायत, "अगं, कुठाय?" काकू बाहेर ओरडतायत, "चोर! चोर आणलाय घरात!" आणि तो टॉवेल धरून शांत, जणू ऑफिसात पोचवायची फाईल.

पुढचं मी बादली हातात घेऊन पॅसेजमध्ये उभी असताना ऐकलं. काकू दबक्या आवाजात काकांना म्हणाल्या, "हे बघा, आधीच घरात एक जीव सांभाळता सांभाळता माझे केस पिकले. आता दुसरा नको. आज संध्याकाळपर्यंत हे जेवलं आणि चार माणसांत शहाण्यासारखं बसलं, तर राहील. नाहीतर उद्या सकाळी तो भिवंडीकडचा गोदामवाला घेऊन जाईल. मी बोललेय त्याच्याशी."

"अगं, पण गोदामावर साखळीला बांधून ठेवतात."

"मग जेवायला सांगा त्याला."

मी बादली आवाज न करता खाली ठेवली. घरात एक जीव. काका-काकूंना मूलबाळ नाही. म्हणजे मीच. आज कुत्र्याचा नंबर, मग माझा. तेव्हाच्या माझ्या डोक्याला याहून वेगळा हिशेब येत नव्हता.

दुकानात त्या दिवशी मी एका साडीला उलट्या बाजूनं फॉल लावला आणि उसवत बसले. दुपारी घरी आले तर काकू दारात मथुराशी घासाघीस करत होत्या. मथुरा चेंदणी कोळीवाड्यातून माशांची टोपली घेऊन यायची आणि सगळ्या जगाला, काकांना धरून, अरे-तुरे करायची. "कुत्र्यासाठी बोंबील घेतंस? तुझ्या नवऱ्याला तर म्हनं आवरत नाय त्यो," ती म्हणाली आणि हसत एक बोंबील त्याच्या नाकासमोर नाचवला. "खा रं राजा, ताजा हाय."

कुत्र्यानं मान फिरवली. मथुराचा अपमान झाला. "अगो बाय, माझा बोंबील नको म्हनतंय! ह्यो बामनाघरचा दिसतो."

काकू हसल्या नाहीत. बोंबील उकडून, काटे काढून त्यांनी भातात कालवला आणि ताटली त्याच्यापुढे आदळली. "गीळ. मरायला आणलंय का तुला माझ्या दारात?" कुत्र्यानं पाहिलंही नाही. त्या पदरानं नाक पुसत आत गेल्या. काटे काढताना त्यांच्या बोटाला रक्त आलेलं मी पाहिलं होतं, पण त्या वेळी मला त्याचा काही अर्थ लागला नाही. मला फक्त संध्याकाळ दिसत होती.

मी ताटलीजवळ बसले. "खा ना रे. तू जेवला नाही तर तुले उद्या धाडतात. मंग मले." एवढ्यात काकांच्या मोबाईलवर आईचा फोन आला. काका फोन माझ्या हातात देऊन पुन्हा आपल्या शिळेला लागले. आई गावातल्या बूथवरून ओरडून बोलायची.

"काय करून राहिली व?"

"कुत्र्याले जेवू घालून राहिली."

"कुत्र्याले? अन् तू जेवली का?"

"जेवते मंग."

"करून राहिली नव्हे, करत्येय," काकू आतून म्हणाल्या. हे त्या रोजच सुधारायच्या. त्या दिवशी मला ते पहिल्यांदाच लागलं.

संध्याकाळी काकूंनी बाहेरच्या खोलीत धुतलेली चादर अंथरली, कोथिंबिरीच्या वड्या तळल्या, देवापाशी दिवा लावला. दिव्याची वात स्थिर झाल्याशिवाय मंडळानं शीळ घालायची नाही, असा त्यांचा नियम होता. दिवेलागणीला शीळ घातली की लक्ष्मी दारातून मागे फिरते. आमच्याकडे आजी म्हणायची, साप येतो. मला वाटत होतं, आज दोन्ही होणार.

बेल वाजली आणि इतके दिवस हूं की चूं न केलेला कुत्रा असा भुंकला की खिडकीची तावदानं थरथरली. दारात मंडळाचे अध्यक्ष, वकीलसाहेब. पांढरा शर्ट, टोकदार नाक, छत्री ढालीसारखी पुढे धरलेली. हे गृहस्थ रिक्षावाल्यालासुद्धा 'आपण' म्हणायचे. "टायगर, गप! बस! बस म्हणतो ना!" काका ओरडले. कुत्रा आणखी भुंकला. काकू हात पुसत, ओशाळून बाहेर आल्या, आणि वकीलसाहेबांना म्हणाल्या, "अहो, या ना. बसा."

कुत्रा गप्प झाला. चालत काकूंच्या पायाशी आला आणि बसला.

"बघितलंस?" काका एकदम फुलले. "किती दिवस घाम गाळतोय मी!"

वकीलसाहेब मात्र उभेच, कारण त्यांच्या आणि खुर्चीच्या मध्ये कुत्रा. "बसा ना, उभे का?" काकू पुन्हा म्हणाल्या. कुत्रा होता तिथेच आणखी नीट बसला. मग दामले आले, ज्यांना नवी कवळी बसवलेली, मग बाकीचे. प्रत्येकाला काकू "या, बसा" म्हणाल्या, प्रत्येक वेळी कुत्रा उठला, दारापर्यंत गेला, आणि पाहुण्याबरोबर येऊन बसला. मंडळी थक्क. "काय शिस्त आहे हो!" दामले म्हणाले, आणि 'शिस्त' म्हणताना कवळीतून अशी लांब शीळ निघाली की सगळ्यांनी ती आजच्या कार्यक्रमाची सुरुवातच समजली. वात स्थिर झालेली होती. शिळा सुरू झाल्या. काका डोळे मिटून, वकीलसाहेब छताकडे बघत, दामले मधून मधून नको तिथे. मी स्वयंपाकघराच्या दारातून कुत्र्याकडे बघत होते. बसला तर आहे. आता फक्त जेव, बाबा. फक्त जेव.

काकू वड्यांची ताटली घेऊन आल्या. ती त्यांनी वकीलसाहेबांपुढे धरली. त्यांनी नको नको केलं. "असं काय? घ्या ना. संकोच नका करू, घ्या."

कुत्र्यानं घेतली. एक, मग दुसरी, मग ताटलीच काकूंच्या हातातून सुटली आणि वड्या चादरीवर घरंगळल्या. उपाशी जीव, त्यानं वकीलसाहेबांच्या पायाशेजारची, दामल्यांच्या मांडीवरची, एकही सोडली नाही. "मेल्या! ऊठ! चालता हो!" काकू किंचाळल्या. त्याचं लक्षही नाही. काकूंनी हात उगारला, आणि मी काय करतेय हे कळायच्या आत मी चादरीवर होते, कुत्र्याच्या गळ्याला मिठी मारून.

"काकू, नका धाडू वो त्याले! भुकेला होता तो. त्याले नका धाडू अन्…" पुढचं 'मले पण' मी त्याच्या मानेतच पुटपुटले.

वकीलसाहेबांनी रुमालानं पँट पुसली. "वहिनी, एक सांगू का? आपण 'घ्या' म्हणालात. त्यांनी घेतलं."

"त्यांनी?" काकू म्हणाल्या.

वकीलसाहेब कुत्र्याकडे वळले. "जरा बाजूला व्हा." कुत्रा बाजूला झाला.

काकूंनी पदर खोचला. "उठा," त्या म्हणाल्या. तो उठला. "बसा." बसला. काका घाईनं म्हणाले, "टायगर, ऊठ!" काही नाही. काकूंच्या चेहऱ्यावर मग काहीतरी उजळत गेलं. त्या अगदी हळू म्हणाल्या, "अहो."

"काय?" काका म्हणाले. त्याच क्षणी कुत्र्यानं मान वर केली.

मंडळ जे हसायला लागलं ते दामल्यांची कवळी हातात येईपर्यंत. काकांनी तिथूनच नाशिकला फोन लावला. मुलानं टाळाटाळ केली, मग आजींनी फोन घेतला. काका-काकूंनी मोबाईल दोघांच्या कानांच्या मध्ये धरला, तरी आजींचा आवाज खोलीभर आला. "जेवले का ते? … काय, अरे-तुरे केलंत त्यांना? शीळ घालून बोलावलंत? रस्त्यावरच्या टवाळांसारखी? … अहो, आमचे हे गेले आणि चार महिन्यांत हा आला दारात. चाळीस वर्षं घरात 'अहो' म्हणायची सवय. तोंड गप्प बसतं का? म्हटलं, ह्यालाच म्हणावं. … मुलाला लाज वाटते. तुम्ही हवं ते म्हणा बाई, पण 'घ्या' म्हटल्याशिवाय जेवायचे नाहीत हो ते."

काकूंनी मोबाईल काकांकडे दिला आणि त्या आत गेल्या. मंडळ पांगलं. वकीलसाहेब जाताना कुत्र्याला "येतो" म्हणून गेले. मग काकू हातात कलथा घेऊन बाहेर आल्या. "त्या गोदामवाल्याला नको म्हणून कळवा. आणि नाव विचारताना नीट विचारत जा! एक जीव सांभाळता सांभाळता माझे केस पिकले, तर हा माणूस दुसरा घेऊन येतो, तोही त्याच नावाचा!" कलथा काकांच्या छातीकडे रोखलेला होता. मी बराच वेळ त्या कलथ्याकडे बघत राहिले.

पुढे काकूंची पंचाईत अशी झाली की 'अहो' म्हटलं की दोघेही यायचे. कुत्र्याचं नाव बदलणं शक्य नव्हतं. शेवटी, लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर, त्या काकांना 'शरद' अशी नावानं हाक मारायला लागल्या, आधी स्वयंपाकघरातून, दार लोटून, मग उघडपणे. मथुरानं ते ऐकलं त्या दिवशी टोपली खाली ठेवून ती मनसोक्त हसली.

पण ते नंतर. त्या संध्याकाळी काकूंनी पानं घेतली, सकाळची आमटी गरम केली, कुत्र्याचा बोंबील-भातही पुन्हा पुढे ठेवला. "चला, बसा," त्या म्हणाल्या. काका बसले. कुत्रा ताटलीपाशी बसला. मी नेहमीसारखी ओट्यापाशी पाण्याचे पेले पुसत उभी राहिले.

काकूंनी कलथा खाली ठेवला. त्यांचा दिवसभराचा सगळा वैताग त्या आवाजात होता.

"आणि तू गं? इतके दिवस 'बस, बस' म्हणून माझी जीभ झिजली. आज 'बसा' म्हटलं, तरी उभीच. ते काय एकट्या कुत्र्याला म्हटलं होतं? का आता तुझ्यासाठी वेगळं अहो-जाहो करू?" आणि त्यांनी चौथं पान वाढून भिंतीशी सरकवलं, काकांच्या आणि कुत्र्याच्या मध्ये. "बसा वंदनाताई. घ्या."

मी बसले. बाजूला कुत्र्यानं ताटलीत तोंड घातलं होतं. मीही पहिला घास घेतला.